पडणाऱ्या इमारतीत कोण राहत होतं?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या माहितीपटाचा आराखडा वाचला. नवी मुंबईतल्या ऐरोली-रबाळे पट्ट्यातली डेटा सेंटरं, म्हणजे इंटरनेटवरची माहिती साठवणाऱ्या संगणकांच्या इमारती, पलीकडे ठाण्याची खाडी, खाडीत फ्लेमिंगो. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, फक्त दृश्यं आणि संगीत. ‘कोयानिसकात्सी’ने तुला झपाटलंय हे पानापानावर दिसतं आणि मला त्याचा आनंदच आहे. पण एक गोष्ट शूटिंगला जाण्याआधीच सांगायला हवी, कारण राहून गेलेलं माणूस एडिटला बसल्यावर सापडत नाही.

गॉडफ्री रेजिओचा तो माहितीपट १९८२चा. रेजिओने वयाच्या चौदाव्या वर्षी एका ख्रिस्ती धर्मसंघात प्रवेश केला आणि उमेदीची वर्षं तिथे काढली. मग त्याने रॉन फ्रिकचा कॅमेरा आणि फिलिप ग्लासचं संगीत घेऊन अमेरिकेच्या यंत्रयुगाकडे असं पाहिलं, की आजही प्रेक्षक खुर्चीत गप्प बसून राहतात. ही ताकद येते कुठून, ते नीट बघ. पाच सेकंदांना एक फ्रेम घेतली, तर तासाभराची वाहतूक पडद्यावर तीस सेकंदांत उरकते. त्या वेगात ग्रँड सेंट्रल स्टेशनातल्या गर्दीला चेहरे उरत नाहीत, नुसता लोंढा दिसतो. माणूस यंत्राचा भाग झाला, असं आपल्याला वाटतं. पण ते वाटायला लावलंय कॅमेऱ्याच्या वेगाने. त्याच जागी साध्या वेगात कॅमेरा लावला असता, तर कुणीतरी कुणाला निरोप देताना दिसलं असतं.

रेजिओला हे ठाऊक होतं. म्हणून तर मध्येच तो सगळं थांबवतो. लास व्हेगासमधल्या कॅसिनोच्या झगमगाटासमोर गणवेशातल्या वेट्रेस ओळीने उभ्या आहेत आणि कॅमेऱ्याकडे बघताहेत. लढाऊ विमानासमोर एक वैमानिक तसाच उभा आहे. त्यांना काही करायला सांगितलेलं नाही. हळूहळू त्यांचं अवघडलेपण चेहऱ्यावर येतं. माझ्या मते संपूर्ण माहितीपटात सर्वांत खरं तेवढंच आहे, आणि तुझ्या आराखड्यात नेमकं तेच नाही.

आता प्रुइट-आयगोचा प्रसंग आठव. सेंट लुइस शहरातल्या त्या रिकाम्या, काचा फुटलेल्या उंच इमारती, ग्लासचं चढत जाणारं संगीत आणि मग सुरुंगाने एकेक इमारत खाली बसते. बघताना वाटतं, आधुनिकतेचा माज उतरला. मलाही तो प्रसंग फार थोर वाटतो. पण तिथे काय घडलं होतं? अकरा-अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, १९५०च्या दशकात गरिबांसाठी बांधलेल्या. वास्तुरचनाकार मिनोरू यामासाकी. बांधायला केंद्र सरकारचा पैसा मिळाला, देखभालीचा खर्च मात्र भाडेकरूंच्या भाड्यातून निघावा अशी व्यवस्था होती. काटकसर म्हणून लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. एका थांब्यानंतर पुढचा थांबा तीन मजल्यांवर, मधल्यांनी जिने चढायचे. तिकडे शहराची लोकसंख्या घटत होती, ज्यांना परवडलं ते गोरे लोक उपनगरांत गेले, मागे राहिली ती मुख्यतः गरीब कृष्णवर्णीय कुटुंबं. भाडं कमी येऊ लागलं, तशी दुरुस्ती थांबली. १९६९ मध्ये भाडेकरूंनी भाडेबंदीचा संप केला. १९७२ मध्ये पाडापाडी सुरू झाली.

यातलं एक अक्षरही ‘कोयानिसकात्सी’त नाही. तिथे दोष काँक्रीटच्या माथी जातो. पैशाचे निर्णय घेणारे आणि माणसांना वर्णावरून वेगळं वसवणारे पडद्यावर येतच नाहीत. २०११ मध्ये चॅड फ्रायड्रिक्सने ‘द प्रुइट-आयगो मिथ’ केला, त्यात तिथे राहिलेली माणसं बोलतात. त्यांना ते घर आवडायचं, असंही सांगतात. दोन्ही माहितीपट एकामागोमाग बघ. पहिल्याने तू हादरशील. कशाने हादरलीस ते दुसऱ्यात कळेल.

याचा अर्थ मुलाखती घ्यायलाच हव्यात असा काढू नकोस. ऑस्ट्रियाच्या निकोलाउस गायरहाल्टरने २००५ मध्ये युरोपातल्या अन्न उद्योगावर ‘उन्झर टेग्लिश ब्रोट’ केला. त्यातही निवेदन नाही, मुलाखत नाही, संगीतसुद्धा नाही. पट्ट्यावरून कोंबडीची पिल्लं जातात, कत्तलखान्यात एक बाई डुकरांचे पाय कापत राहते. आणि मग कामगार डबा खायला बसतात. कॅमेरा हलत नाही. एकटं माणूस सँडविच चावतंय आणि आपण बघतोय. त्या जेवणाच्या सुट्टीमुळे तो माहितीपट नुसता किळस आणणारा होत नाही.

तुझ्या फ्लेमिंगोंकडे येतो. गुलाबी पक्षी, कट, डेटा सेंटरची राखाडी भिंत. हा कट मला खटकला. निसर्ग निर्मळ आणि यंत्र पापी, असं प्रेक्षकाने पटकन मानावं यासाठी तो लावलाय. पण ठाण्याच्या खाडीत शेवाळ माजतं ते शहराच्या सांडपाण्यावर, आणि ते शेवाळ हे फ्लेमिंगो इथे येण्याचं एक कारण असल्याचं अभ्यासक सांगतात. म्हणजे पक्षी आणि शहर एकाच पाण्यात अडकलेत. हे तू दाखवलंस तर प्रश्न अवघड होईल, आणि तो अवघडच असायला हवा. हा एमआयडीसीचा पट्टा आधी रासायनिक कारखान्यांचा होता, त्याआधी इथे आगरी-कोळ्यांची शेतं आणि मिठागरं होती. त्यातली माणसं आजही तिथेच राहतात. ऐरोलीला, दिव्याला जा. खाडीत आता कोणती मासळी मिळते, एवढंच विचार आणि गप्प बस.

‘पाश्चात्य प्रगती’ हा शब्द तू फार वापरतेस. त्यात एक सोय आहे, दोष दूरच्या कुणाचा तरी ठरतो. नर्मदेवरचं धरण आपल्याच सरकारांना हवं होतं. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू ‘अ नर्मदा डायरी’साठी वर्षानुवर्षं त्या खोऱ्यात जात राहिले. आपल्या नंदुरबारचं मणिबेली त्यात आहे. तिथल्या आदिवासींना नावं आहेत, राग आहे, गाणी आहेत. प्रगतीला प्रश्न विचारणारे तेच आहेत, दिग्दर्शक त्यांच्या शेजारी उभा आहे.

डेटा सेंटरच्या आत जायची परवानगी बहुधा मिळणार नाही. तरी अर्ज कर, मसुदा मला दाखव. तोवर गेटबाहेर पाळी बदलण्याच्या वेळेला जाऊन थांब, कॅमेरा न नेता. सुरक्षारक्षक, एसीचे तंत्रज्ञ, जनरेटर सांभाळणारे, सगळे तिथूनच ये-जा करतात. वीज किती लागते, पाणी कुठून येतं, वापरल्यावर कुठे जातं, हे त्यातल्या कुणाला तरी माहीत असतं. नव्या आराखड्यात पहिल्या पानावर कोणाकोणाशी बोललीस ते लिही. शॉटलिस्ट नंतर करू.

कळावे.