उपग्रह 'कक्षात' कसा जाईल?

प्रश्न असा आहे: 'लष्करी उपग्रहाच्या उड्डाणाच्या बातमीत कुणी "हेर उपग्रह" म्हणतं, कुणी "टेहळणी उपग्रह". योग्य शब्द कोणता? आणि तो "कक्षात स्थिरावला" हे बरोबर आहे का?'

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. बरोबर नाही. कक्षात रुग्ण जातो, तोही अतिदक्षता कक्षात. उपग्रह जातो कक्षेत. तो कक्ष, ती कक्षा. भाषा–भाषेत, शाळा–शाळेत, तसं कक्षा–कक्षेत. 'मराठी भाषात बोलला' असं म्हणायला आपली जीभ धजत नाही, मग बिचाऱ्या कक्षेनंच काय घोडं मारलंय? 'कक्षांत' असं अनुस्वार देऊन लिहिलं तर ते अनेकवचन, आणि एकच उपग्रह एका वेळी दोन कक्षांत फिरत नाही. एकदा एका निवेदिकेनं 'उपग्रह नियोजित कक्षात सुखरूप दाखल झाला' असं सांगितलं. मला वाटलं, आता ताप उतरला की घरी सोडतील.

आता या शब्दाची गंमत. 'कक्ष' म्हणजे मुळात काख. आपली 'काख' तिथूनच आली. लॅटिनमध्ये याच कुळातला 'कॉक्सा' खुब्यापाशी जाऊन बसला. संस्कृतात कक्षा किंवा कक्ष्या म्हणजे अंगाला वेढून बांधायचा पट्टा. 'क्ष'चा मराठीत कधी 'ख' होतो, कधी 'स': इक्षुचा ऊस, कुक्षीची कूस. तशीच कक्षेची कास, म्हणजे कासोट्यातली आणि 'सत्याची कास धरणे' यातली. (गाईची कास वेगळी, तिला यात ओढू नका.) कुणी म्हणेल, कासोटा 'कच्छ'वरून आला. म्हणू द्या. कच्छ हा त्याच कक्षाचा प्राकृतात वाढलेला भाऊ आहे, भांडण घरातलंच.

अमरकोशानं कक्ष्येचे तीन अर्थ दिले आहेत: वाड्याचं दालन, कमरपट्टा आणि हत्तीच्या मध्याला आवळायचा पट्टा. घोड्याला जसा तंग, तसा हत्तीला हा. काही पंडित यातलं दालन उचलतात आणि सांगतात की प्रत्येक ग्रहाला आकाशात आपापली खोली, म्हणून कक्षा. हे मला साफ अमान्य आहे. खोलीत माणूस बसतो, ग्रह बसत नाही. आर्यभटानं इ.स. 499 मध्ये 'कक्ष्यामंडल' म्हटलं ते पृथ्वीच्या मध्याभोवती काढलेल्या वर्तुळाला. वर्तुळ म्हणजे वेढा, आणि वेढा पट्ट्याचा असतो, भिंतींचा नव्हे. दालनाचा अर्थसुद्धा, माझ्या मते, 'वेढलेली जागा' यातूनच निघाला आहे. म्हणजे ही मंडळी नातवाला आजोबा ठरवताहेत.

उरलेले दोन पट्टे पाहा. कमरपट्टा पोटाला आडवा वेढतो. विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीची भूस्थिर कक्षा अगदी तशी. हत्तीचा पट्टा मात्र पाठीवरून जातो आणि पोटाखालून येतो. एका ध्रुवावरून जाऊन दुसऱ्या ध्रुवावरून परतणारी ध्रुवीय कक्षा ती हीच! पृथ्वी न्याहाळणारे बहुतेक उपग्रह याच पट्ट्यात फिरतात. 27 नोव्हेंबर 2019 रोजी गेलेला कार्टोसॅट-3 घ्या. उंची 509 किलोमीटर, विषुववृत्ताशी कक्षेचा झुकाव 97.5 अंश, म्हणजे जवळजवळ ध्रुवांवरून. एक फेरी साधारण दीड तासाची. खाली पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे दर फेरीला जमिनीचा वेगळा पट्टा दिसतो. शिवाय ही कक्षा सूर्याशी जुळवलेली असते. एखाद्या जागेवरून जाताना तिथली वेळ दर खेपेला साधारण तीच असते, त्यामुळे आजचा आणि महिन्यापूर्वीचा फोटो शेजारी ठेवून नवं काय उभं राहिलं ते ओळखणं सोपं जातं.

आणि 'काखेत कळसा, गावाला वळसा'! काख आणि वळसा एकाच म्हणीत. वळसाही नुसता शब्दापुरता नाही. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेसाठी सरळ दक्षिणेला निघालं तर वाटेत श्रीलंका येते. म्हणून इस्रोचं रॉकेट पीएसएलव्ही आधी आग्नेयेला झेपावतं आणि मग दक्षिणेकडे वळतं. या वळणापायी इंधन जास्त जातं आणि तेवढं वजन कमी नेता येतं. कक्षा साधलीच नाही तर काखा वर.

अरे हो, हेर की टेहळणी. बहिर्जी नाईक हेर होते: वेष पालटायचा, शत्रूच्या गोटात शिरायचं. बुरुजावरचा पहारेकरी टेहळणी करतो: उंच जागा, लांबची नजर, लपणं नाही. उपग्रह बुरुजावरचा. नाव काहीही द्या, हौशी निरीक्षक दुर्बीण घेऊन त्याची कक्षा मांडतातच. कोशात दोन्ही शब्द चालतील, पण वापरात एक खोच आहे: आपली ती टेहळणी, दुसऱ्याची ती हेरगिरी. अधिकृत नावांत तर दोन्ही सापडत नाहीत. अमेरिकेनं टेहळणीचे आपले सुरुवातीचे 'कोरोना' उपग्रह 'डिस्कव्हरर' या नावाखाली, विज्ञानाचे म्हणून सोडले. ऑगस्ट 1960 मध्ये त्यातल्या चौदाव्यानं फिल्मची कुपी खाली टाकली आणि पॅराशूटला लोंबकळत येणारी ती कुपी विमानानं हवेतल्या हवेत आकड्यांनी पकडली. सोव्हिएत संघानं आपले टेहळणीचे झेनित उपग्रह 'कॉसमॉस' या सरसकट नावात मिसळले. वेष पालटला तो नावानं, उपग्रहानं नव्हे. तेव्हा मी 'टेहळणी उपग्रह'च लिहितो. 'गुप्तहेर उपग्रह' तर लिहूच नका. हेर म्हटल्यावर गुप्त वेगळं कशाला?

'प्रक्षेपणाचं थेट प्रक्षेपण' याबद्दलही कुणी तरी विचारा. उत्तर तयार आहे.