‘आरोही वनस्पती’ म्हणावं की वेल?

विचारणा अशी: ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंतीवर आपोआप वेल वाढवणाऱ्या आयव्हीजेन ॲड-ऑनचं (जोड-प्रोग्रामचं) मराठीकरण चाललं आहे. ‘क्लाइंबिंग प्लांट’ला आरोही वनस्पती, ‘टेंड्रिल’ला (वेलीचा आधार धरणाऱ्या दोऱ्याला) प्रतान, ‘ॲधेशन वेट’ला आसंजन भार आणि ‘प्रोसिजरल’ला प्रक्रियात्मक, हे चालेल का?

‘आरोही’ नको. वेल म्हणा. भोपळ्याचा वेल रानात पसरला तरी वेलच, मांडवावर चढवला तरी वेलच. आपल्या शब्दात चढण्याची सक्ती नाही. या ॲड-ऑनचंही तसंच आहे. ते फक्त शेंडा एकेक पाऊल पुढे सरकवतं. जवळ आधार असेल तर शेंडा बिलगतो, नसेल तर लोंबतो. चढणं हा त्याचा परिणाम.

लिंग मात्र आधीच ठरवून घ्या. काकडीचा वेल, पण जाईची वेल, दोन्ही शुद्ध. पडद्यावर स्त्रीलिंगी बरं, कारण ‘१ वेल, ५ वेली’ असा फरक दिसतो. पुल्लिंगात अनेकवचनही ‘वेल’च.

खरी मेख स्लायडरच्या नावांत आहे. ‘आसंजन भार’ वाचून कोणालाही किलोत काही भरायचं आहे असं वाटेल. इथे ‘वेट’ म्हणजे जोर. हे ॲड-ऑन ज्यावर बेतलं आहे त्या थॉमस लुफ्ट यांच्या २००७च्या आयव्ही जनरेटर प्रोग्राममधली मूळ कल्पना अशी: दर पावलाला शेंड्याची दिशा चार ओढींच्या बेरजेतून ठरते. या ओढींना मी वाढीचा रोख, भटकेपणा, बिलगण्याचा जोर आणि लोंबण्याचा जोर म्हणेन. ‘फ्लोट लेंग्थ’ला, म्हणजे आधाराविना वाढलेल्या लांबीला, अधांतरी लांबी. तरंगतं ते पाण्यावर, वेल तरंगत नाही.

ही नावं कामालाही येतात. समजा पाऊल ०.०२, कमाल अधांतरी लांबी ०.५, रोख ०.५ आणि लोंबण्याचा जोर १ आहे. म्हणजे आधाराविना शेंडा ढोबळमानाने २५ पावलं जातो आणि मग त्याची वाढ थांबते. लोंबणं एकदम सुरू होत नाही. कमाल लांबीचा जेवढा भाग अधांतरी गेला, त्याच्या ०.७ घाताने वाढतं. दहाव्या पावलाच्या सुमारास (०.४ चा ०.७ वा घात, सुमारे ०.५३) ते रोखाला मागे टाकतं आणि शेंडा खाली वळतो. अधांतरी लांबी ०.०५ ठेवलीत तर दोन-तीन पावलांतच सगळं संपतं, आणि वेल छज्ज्याच्या कडेशी कातरल्यासारखी तुटते. उलट बिलगण्याचा जोर फार वाढवला की शेंडा भिंतीतच घुसू पाहतो, टक्कर तपासणारा कोड त्याला बाहेर ढकलतो, आणि तो जागच्या जागी वळवळत राहतो.

‘ब्रँचिंग प्रॉबॅबिलिटी’ला द्राक्षबागेतला तयार शब्द आहे: बगलफूट. ‘बगलफुटीची शक्यता’ म्हटलं की फांदी कुठून निघणार हेही कळतं. ‘प्रतान’ पाठ्यपुस्तकात ठीक, पण बोलीत तणावा (काही ठिकाणी तनावा), आणि द्राक्षवाले त्याला बाळी म्हणतात. मी तणावा घेईन, कारण बाळी बागेबाहेर कानातच जाते. मात्र या ॲड-ऑनला जिचं नाव आहे त्या आयव्ही वेलीला तणावे नसतात. ती खोडावरच्या आगंतुक मुळांनी चिकटते. म्हणून या ॲड-ऑनमध्ये हा शब्द लागणारच नाही. कारलं किंवा द्राक्ष करायचं झालं तर वेगळा कोड हवा. मांडवाची तार पकडलेला कारल्याचा तणावा जवळून पाहा: काही वेढे उजवे, मग एक छोटा सरळ तुकडा, मग तेवढेच डावे. दोन्ही टोकं बांधलेली असताना पीळ एकाच बाजूला वाढू शकत नाही, जेवढा इकडे तेवढा तिकडे. एकाच दिशेची स्प्रिंग काढलीत तर तणाव्याऐवजी जुन्या टेलिफोनची वायर दिसते.

वेढे घेत चढणाऱ्या वेली आणखी निराळ्या. घेवडा वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने वर जातो, आणि प्रत्येक घेवडा तसाच जातो. तिथे दिशा रँडम ठेवणं ही चूक आहे. म्हणून ‘बिलगणं’ आणि ‘वेढे घेणं’ ही क्रियापदं एकमेकांच्या जागी वापरू नका. त्यांच्यामागचे अल्गोरिदमच वेगळे आहेत.

‘प्रक्रियात्मक’ला कोर्टकचेरीचा वास येतो. लेखात ‘नियमजन्य’ चालेल: नियम आपण देतो, आकार त्यातून जन्मतो. बटणावर सरळ ‘प्रोसिजरल’ लिहा, काम करणारे तेच म्हणतात.

राहिला ‘रँडम सीड’, म्हणजे रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा क्रमांक. याचं ‘बी’ अजिबात करू नका. वेलीच्या पॅनेलवर ‘बी: ४२’ दिसलं की वापरणारा बेचाळीस बिया पेरल्या असं समजेल आणि एकच वेल उगवली म्हणून तक्रार करेल. ‘सीड क्रमांक’ पुरे.