वाचकांचे प्रश्न : अद्भुतकथांतील घाबरट नायक

प्रश्न : शाळेतील काही मुलांसह मी दर शनिवारी एक पुस्तक वाचते. सध्या जे. आर. आर. टोल्किन यांची ‘द हॉबिट’ ही कादंबरी वाचून होत आली आहे. नायक बिल्बो सतत घाबरतो आणि घरच्या न्याहारीच्या आठवणीने व्याकूळ होतो, मग तो नायक कसा, असा मुलांचा आक्षेप आहे. त्याच्यात धैर्य नेमके येते तरी कोठून? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : मुलांचा आक्षेप रास्त आहे आणि लेखकाने तो जाणूनबुजून ओढवून घेतला आहे. आपल्यातील काही जण कदाचित परत येणार नाहीत, असे ड्वार्फांचा, म्हणजे बुटक्या जमातीचा, म्होरक्या थोरिन पहिल्याच प्रकरणात बोलू लागतो, तेव्हा बिल्बो किंचाळून जमिनीवर कोसळतो. त्यानंतर ड्रॅगनकडचा खजिना परत मिळवण्याच्या मोहिमेत चोर म्हणून सामील व्हायला तो तयार होतो तो शौर्यामुळे नव्हे. हा चोरापेक्षा वाण्यासारखाच अधिक दिसतो, असा एका ड्वार्फने मारलेला शेरा त्याच्या कानावर पडतो आणि त्याचा अभिमान दुखावतो. दुसऱ्या दिवशी टोपी, काठी, पैसे, हातरुमाल असे काहीही न घेता तो घराबाहेर धावत सुटतो, तेही गॅन्डाल्फ या जादूगाराने घाई केली म्हणून. म्हणजे प्रवासाच्या आरंभी त्याच्याजवळ धैर्य नसते. असतो तो केवळ थोडासा मानापमान.

मुलांना माझ्या मते एक प्रसंग अवश्य पुन्हा वाचायला सांगावा, कारण तो घाईत सहज निसटतो. डोंगराच्या पोटात राहणाऱ्या गॉलम या विचित्र प्राण्याच्या तावडीतून सुटून बिल्बो डोंगराबाहेर उजेडात येतो. अदृश्य करणारी अंगठी त्याच्याजवळ आहे, त्याचे सोबती मात्र कोठे आहेत हे त्याला ठाऊक नाही. ते अजून आतच असतील, तर त्यांना शोधण्यासाठी त्या भयंकर बोगद्यांत परत जाणे आपले कर्तव्य आहे, असे तो अत्यंत दुःखी मनाने ठरवतो आणि नेमके त्याच वेळी त्याला त्यांचे आवाज ऐकू येतात. त्याला परत जावे लागत नाही, त्यामुळे त्याच्या या निश्चयाची कोणालाही वार्ता लागत नाही. पुढे अंधाऱ्या अरण्यात तो एकट्याने राक्षसी कोळ्याला मारतो, तो प्रसंग मुलांना अधिक आवडेल हे उघड आहे. परंतु त्या पराक्रमाचा पाया या न घडलेल्या परतीत आहे, असे मला वाटते.

आता स्मॉग या ड्रॅगनच्या गुहेकडे जाणारा बोगदा पाहा. ड्वार्फ दाराशीच थांबतात, त्यांच्यातील बेलिन थोडे अंतर सोबत करतो आणि त्यानंतर बिल्बो एकटा उरतो. पुढे लालसर उजेड दिसतो, मोठे भांडे रटरटावे तसा आवाज येतो आणि त्यात प्रचंड बोक्याची घुरघुर मिसळलेली असते. तेथे तो थांबतो. तेथून पुढे पाऊल टाकणे हे त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठे धाडस होते आणि खरी लढाई तो ते संकट डोळ्यांनी पाहण्यापूर्वीच त्या बोगद्यात एकट्याने लढला, असे निवेदक स्वच्छ सांगतो. बोटात अंगठी असल्यामुळे तो इतरांना दिसत नाही, पण त्याची भीती त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. ड्रॅगनचा वध तर त्याच्या हातून होतच नाही. तो बार्ड नावाचा धनुर्धारी करतो. धैर्य आणि विजय यांची अशी फारकत करणारी बालकादंबरी मुलांना सुरुवातीला खटकणारच.

धैर्य कोठून येते, याचे उत्तर कथेत एखाद्या मंत्राच्या किंवा शस्त्राच्या रूपाने मिळत नाही. ते प्रत्येक वेळी कोणाला तरी दिलेल्या शब्दातून येते. शेवटी युद्ध टाळण्यासाठी बिल्बो थोरिनचे सर्वांत प्रिय रत्न शत्रुपक्षाच्या स्वाधीन करतो. तू आता येथेच सुरक्षित राहा, असे त्या पक्षातील एल्फ या वनवासी जमातीचा राजा त्याला सुचवतो, तरीही तो थोरिनच्या संतापाला सामोरे जाण्यासाठी परत जातो. इतके सोसलेल्या मित्रांना असे सोडून जाणे बरे नाही, असे तो सांगतो आणि बॉम्बर या ड्वार्फला मध्यरात्री उठवण्याचे कबूल केले आहे, हेही त्या कारणात जोडतो. वर्गात चर्चेसाठी मी हेच वाक्य निवडेन.

प्रश्न : ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये इतका प्रवास करून फ्रोडो शेवटच्या क्षणी अंगठी नष्ट करण्यास नकार देतो. मग त्याच्या धैर्याला अर्थ काय उरतो? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बिल्बोला सापडलेली तीच अंगठी येथे दुष्ट शक्तीची ठरते आणि ती नष्ट करण्याचे काम त्याचा वारस फ्रोडो याच्यावर येते. फ्रोडो त्या क्षणी हरतो हे खरे आहे आणि ते झाकण्याचा प्रयत्न करू नये. मात्र खुद्द टोल्किन यांनी १९६३ च्या एका पत्रात याला नैतिक अपयश मानण्यास नकार दिला होता. अंगठीचा दबाव तेथे इतका पराकोटीला पोहोचलेला असतो की तो सहन करणे कोणालाही शक्य नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रोडोचे काम अंगठी तेथवर पोहोचवण्याचे होते आणि ते त्याने आपली सारी शक्ती खर्चून केले. पुढचे काम पार पडते ते गॉलममुळे आणि गॉलम जिवंत असतो तो बिल्बो, फ्रोडो आणि फ्रोडोचा सोबती सॅम या तिघांनी वेगवेगळ्या वेळी त्याला जीवदान दिल्यामुळे.

टोल्किन १९१६ साली सॉमच्या लढाईत लँकेशायर फ्युजिलिअर्स या पलटणीचे संदेशवहन अधिकारी होते आणि खंदकज्वरामुळे त्यांना इंग्लंडला परत पाठवण्यात आले. १९१८ पर्यंत त्यांच्या जिवलग मित्रांपैकी एक वगळता सर्व मरण पावले होते. कादंबरीचा त्या युद्धाशी थेट संबंध जोडणे त्यांना स्वतःला मान्य नव्हते, म्हणून मीही तसे करत नाही. तरीही घरी परतल्यावर फ्रोडोची जखम दरवर्षी त्याच तिथीला ठणकते आणि वाचवलेल्या गावात त्याला राहवत नाही, हा तपशील ज्याने युद्ध पाहिले आहे अशाच माणसाला सुचावा, असे वाटते.

प्रश्न : विराटपर्वातील राजपुत्र उत्तर रणांगणातून पळतो म्हणून आपण त्याला हसतो. उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’चा नायक गेड तर अर्धे पुस्तक पळतच असतो. त्याला सूट का द्यावी? (एक वाचिका, नागपूर)

उत्तर : सूट देण्याची गरज नाही, कारण लेखिकाही ती देत नाही. १९६८ च्या या कादंबरीत गेड हा तरुण जादूगार विद्यार्थिदशेत गर्वाने ईर्ष्येला पेटून एक छाया जगात सोडतो आणि मग तिच्यापासून बेटांमागून बेटे ओलांडत पळतो. ससाण्याच्या रूपात तो गुरू ओजियनकडे पोहोचतो, तेव्हा गुरू त्याला कोणतेही शस्त्र देत नाही. तू पळत आहेस तोवर तुझा मार्ग ती छायाच ठरवत राहील, म्हणून आता मागे वळ, एवढेच तो सांगतो. त्यानंतर पाठलाग उलट दिशेने सुरू होतो आणि जी छाया पळताना बलाढ्य भासत होती ती मागे धावताना हातून निसटू लागते. समुद्राच्या पार टोकाशी ती समोर येते, तेव्हा गेड तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो.

उत्तराला अर्जुन केस धरून रथावर परत आणतो, गेडला मात्र आपल्याच पायांनी वळावे लागते, हा दोघांतील फरक आहे. तरीही उत्तराला हसताना जरा सांभाळावे. तोच उत्तर पुढे कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी शल्याशी लढताना पडतो आणि त्या वेळी त्याला कोणीही ओढून आणलेले नसते.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलाला अशी भीतिदायक पुस्तके द्यावीत का? (एक पालक, ठाणे)

उत्तर : ‘द हॉबिट’ खुशाल द्यावे, शक्यतो मोठ्याने वाचून दाखवावे, त्यातील निवेदक भीतीच्या प्रसंगीही मुलाशी गप्पा मारत राहतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील शीलॉब या राक्षसी कोळिणीच्या गुहेसाठी मात्र आणखी काही वर्षे थांबावे. ‘द हॉबिट’चे हस्तलिखित १९३६ साली प्रकाशकाने आपल्या दहा वर्षांच्या मुलाला एका शिलिंगच्या बिदागीवर तपासायला दिले होते. पाच ते नऊ वर्षे वयाच्या सर्व मुलांना हे पुस्तक आवडेल, असा अभिप्राय त्याने लिहून दिला.