दाबाखालचं निकेलेट (निकेल-ऑक्सिजनचं संयुग) ८० केल्विनजवळ, म्हणजे सुमारे उणे १९३ अंश सेल्सिअसला, अतिवाहक होतं, म्हणजे विरोधाशिवाय वीज वाहतं; त्यात इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या प्रतिकर्षणाचा वाटा किती?

बहुधा मोठाच. २०२३ मध्ये चीनच्या सुन यात-सेन विद्यापीठातल्या गटाने ज्यात हे दाखवलं, ते लॅन्थॅनम निकेलेट दुथरी आहे: निकेल-ऑक्सिजनचे दोन थर, मध्ये सामाईक ऑक्सिजन. निकेलच्या एकाच अणूवर जादा इलेक्ट्रॉन आला की जोरदार प्रतिकर्षण होतं, म्हणून इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळत, जडपणे फिरतात. त्यातूनच शेजारच्या स्पिनना (इलेक्ट्रॉनांच्या सूक्ष्म चुंबकत्वाच्या दिशांना) उलट दिशेत राहायची ओढ लागते, आणि मधल्या ऑक्सिजनमार्फत वरच्या-खालच्या थरांत ती फार जोरकस असते. अतिवाहकतेसाठी इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळवणारा गोंद हाच, असं बरेच सिद्धांतकार मानतात. निव्वळ जालकाच्या (अणूंच्या सुबक मांडणीच्या) कंपनांवर एवढं तापमान गाठणं अवघड. गंमत म्हणजे साध्या दाबाला याच्या अखंड स्फटिकात याच प्रतिकर्षणाने स्पिनची घनता-लहर (स्पिनची लाटेसारखी स्थिर रचना) उभी राहते, अतिवाहकता नाही. सुमारे १४ गिगापास्कलला निकेल-ऑक्सिजन-निकेल कोन १६८ वरून १८० अंशांवर येतो, मग पारडं अतिवाहकतेकडे फिरतं.