मॅडम, वकील बदलू का?

घटस्फोटाच्या केसमधली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती खरं तर झोप येत नाही, कामात लक्ष लागत नाही, सारखी धडधड होते म्हणून. पण दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला हा प्रश्न निघतोच निघतो, की मॅडम वकील बदलू का? नवरे पण विचारतात, बायका पण विचारतात. नक्की काय बिनसलंय ते मात्र बऱ्याच जणांना धड सांगता येत नाही. फोन उचलत नाहीत, नुसत्या तारखा घेतात, समोरच्या वकिलाबरोबर कँटीनला चहा पीत होते (हे दुःख तर फार जणांचं, अहो त्यांचं रोजचं ऑफिसच आहे ते, चहा कुणाबरोबर पिणार मग).

मी वकील नाही, कायद्याचा सल्ला देत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगते. पण इतकी वर्षं या लोकांबरोबर बसून कोर्टाचं बरंचसं कानावर पडतं आणि वकील नेमताना माणसं कुठे अडकतात ते दिसतं. एका क्लायंटची गोष्ट सांगते, त्याच्या परवानगीने, ओळख पटेल असं सगळं बदलून. त्याला आपण संदीप म्हणू.

संदीप चाकणला एका कंपनीत शिफ्टवर, राहायला भोसरीत. बायको माहेरी गेली, तिकडून भरोसा सेलला (पोलिसांचा घरगुती तक्रारींचा विभाग) तक्रार, तिथे दोन-तीन मीटिंगा, काही जमलं नाही आणि मग एफआयआर. सासरच्या छळाचं कलम, पूर्वीचं ४९८अ, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. नाव याचं, आईचं आणि नाशिकला दिलेल्या बहिणीचं पण. त्याच्या मागोमाग शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टातून घटस्फोटाच्या अर्जाचं समन्स आलं, सोबत अंतरिम, म्हणजे केस चालू असतानाच्या पोटगीचा अर्ज.

आता अशा वेळी वकील कसा शोधला जातो? मामा सांगतात. संदीपच्या मामांचे एक वकील होते, त्यांनी मामांच्या जमिनीचं काम चांगलं करून दिलं होतं, सातबारा, वाटणी, फेरफार, त्यात माणूस हुशारच असणार. ते म्हणाले काही काळजी करू नका, दोन महिन्यात मोकळं करतो, पोलीस स्टेशनला आपली ओळख आहे. लमसम फी सांगितली, अर्धी लगेच घेतली, पावती नाही. वकीलपत्रावर सह्या, आणि दोन-तीन कोऱ्या कागदांवर पण सह्या, असू दे म्हणून. त्या रात्री संदीप म्हणे महिन्यात पहिल्यांदा गाढ झोपला.

ही झोपच मला जरा घातकी वाटते. अडचणीतल्या माणसाला पहिल्या भेटीत धीर हवा असतो आणि जो जास्तीत जास्त धीर देतो त्यालाच फी दिली जाते. दोन महिन्यात मोकळं करतो असं सांगणारा वकील आणि बघू, तीन-चार वर्षं पण लागू शकतात असं सांगणारा वकील, यातला दुसरा बिचारा कुणालाच आवडत नाही. बायकांच्या बाबतीत थोडं वेगळं होतं, तिथे बरेचदा धीरापेक्षा चीड विकली जाते, त्याला असा धडा शिकवू की बघत राहा. ते ऐकायला कुणाला बरं नाही वाटणार.

संदीप माझ्याकडे आला तेव्हा खिशात घडी करून ठेवलेला एक कागद होता, पार मऊ पडलेला, सारखा काढून बघून. त्याची समजूत अशी की हे अटक वॉरंट आहे. ती होती पोलिसांची नोटीस, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालची, म्हणजे तपासासाठी अमुक तारखेला हजर राहा. वकिलांना व्हॉट्सॅपवर फोटो पाठवला होता, उत्तर आलं, ओके. बस. आता सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी उठसूट अटक करू नये, आधी गरज आहे का ते तपासावं, गरज नसेल तर अशी नोटीस द्यावी, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच अर्णेश कुमारच्या केसमध्ये सांगितलंय, आणि ८५ ला जास्तीत जास्त तीन वर्षं आहेत. म्हणजे अटक होऊच शकत नाही असं नाही, पण नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्या माणसाला अटक करायची तर पोलिसांना कारणं लिहावी लागतात. त्या वकिलांनी पाच मिनिटं फोनवर एवढं सांगितलं असतं तरी याच्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या. मी त्याला म्हटलं, हे माझ्याकडून ऐकून विश्वास ठेवू नका, उद्या वकिलांकडे जाऊन हेच विचारा, अटकपूर्व जामिनाची गरज आहे का ते पण विचारा.

मग मी विचारलं तुमच्याकडे कागद काय काय आहेत. एफआयआरची कॉपी होती. बायकोच्या अर्जाची कॉपी वकिलांकडे. त्याला उत्तर दिलं का? दिलं असेल ना. त्यात काय लिहिलंय? माहीत नाही मॅडम, साहेबांनी केलं असेल.

तर आम्ही तिथेच बसून त्याच्या मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप टाकलं. प्रत्येक केसला सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर असतो, तो समन्सवर सापडला नाही तर नावाने पण केस शोधता येते. तारखांची यादी उघडली, एकेका तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी काय झालं ते दिसतं. एका तारखेला लिहिलेलं, अर्जदार हजर, जाबदार व वकील गैरहजर, से दाखल नाही. (जाबदार म्हणजे इथे संदीप, आणि से म्हणजे अर्जावरचं तुमचं म्हणणं, कोर्टात हाच शब्द चालतो.) त्याच्या आधीच्या तारखेला पण तेच. पोटगीच्या अर्जावर याच्या बाजूने एक ओळसुद्धा गेलेली नव्हती आणि पुढची तारीख होती आठ दिवसांवर. संदीप बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत बसला, मग म्हणाला, मला तर सांगितलं होतं तुम्ही यायची गरज नाही, मी बघतो.

आता यावर ताबडतोब वकील बदला असं मी म्हणेन असं वाटेल, पण नाही म्हटलं. रागाच्या भरात वकील बदलणारे मी खूप पाहिलेत, नवा वकील पण तसाच रागात निवडला जातो, पुन्हा नवी फी, आणि जुन्याने काय केलं नि काय नाही याचा कुणालाच पत्ता नसतो. त्याला म्हटलं एका कागदावर प्रश्न लिहा, पाच-सहाच, आणि अपॉइंटमेंट घेऊन समोर बसून विचारा, फोनवर नाही. से का गेला नाही, पुढच्या तारखेला काय होणार, मी यायचं का, बहिणीच्या नावाचं काय करता येईल, उरलेली फी कोणत्या कामाची, आणि आत्तापर्यंत दाखल केलेल्या सगळ्या कागदांची एकेक कॉपी द्या. अजून एक सांगितलं आणि ते त्याला आवडलं नाही, की तुम्ही वकिलांना जे सांगितलेलं नाही ते आधी सांगा.

कारण होतं ना. रात्री दीड वाजता बायकोला पाठवलेले व्हॉइस मेसेज, शिव्या, धमकी. वकिलाला सांगितलं नव्हतं, लाज वाटली म्हणे. पगार पण ओव्हरटाइम सोडून सांगितला होता. वकील खोटं बोलतात म्हणून बोंब मारणारे स्वतः वकिलाशी किती खोटं बोलतात हा वेगळाच विषय आहे. क्रिमिनल केसमधल्या वकिलाला सगळ्यात वाईट गोष्ट सगळ्यात आधी कळायला पाहिजे, त्याला सांगितलेलं गुप्त ठेवायचं बंधन कायद्यानेच त्याच्यावर आहे, आणि तो व्हॉइस मेसेज समोरच्या पार्टीकडे आहेच की, तो कोर्टात निघणारच. पगाराचं तर लपतच नाही, २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या केसमध्ये दोन्ही बाजूंना मिळकत-कर्जाचं सविस्तर ॲफिडेव्हिट द्यावं लागतं.

वकील भेटले, आधी चिडले (ॲप बघून आम्हाला शिकवता का), मग जरा निवळले आणि खरं बोलले. त्या दोन्ही दिवशी ते जमिनीच्या दाव्यात दुसऱ्या कोर्टात होते, ज्युनिअरला पाठवलं होतं तो पुकाऱ्याला पोचला नाही, आणि फॅमिली कोर्टाचं काम मी फारसं करत नाही असं ते स्वतःच म्हणाले. मामांसाठी घेतली केस. हे पहिल्या दिवशी म्हणाले असते तर! पण ते एक बरं झालं, भांडण न होता वेगळं होता आलं. म्हणजे अगदीच न होता नाही. उरलेली फी दिल्याशिवाय नाहरकत (दुसरा वकील नेमायला हरकत नाही असं लिहून) देणार नाही, फाइल देणार नाही, यावर थोडे दिवस गेले. इथे लोक घाबरून गप्प बसतात म्हणून सांगते, फीसाठी पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० साली स्पष्ट सांगितलंय, आणि जुन्या वकिलाने नाहरकत दिलीच नाही तर कोर्टाकडे अर्ज करून परवानगी घेता येते. नव्या वकीलबाईंनी वाट न बघता नक्कल विभागातून कागदांच्या नकला काढल्या, तारखेला कॉस्ट (उशिराबद्दल कोर्ट भरायला लावतं ती रक्कम) भरून से दाखल केला. जुन्या वकिलांना केलेल्या कामाचे म्हणून थोडे पैसे देऊन मामांनी विषय संपवला. संदीप मधे एकदा म्हणत होता ग्राहक कोर्टात खेचतो, ते आता होत नाही, वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असा मे २०२४ चा निकाल आहे. गैरवर्तनाची तक्रार असेल तर बार काउन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे करता येते, पण केस हरलो किंवा फोन उचलत नाहीत हे गैरवर्तन नव्हे, हे पण ध्यानात ठेवावं.

नव्या वकीलबाई काही धीर देणाऱ्या नव्हत्या, उलट जरा खडूसच. पहिल्याच भेटीत म्हणाल्या अंतरिम पोटगी द्यावी लागेल, किती ते बघू, आणि ते मेसेज तुम्हाला महागात पडणार आहेत. संदीप माझ्याकडे आला तो वैतागून, ह्या आपल्या बाजूच्या आहेत का तिच्या? पण प्रत्येक तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा एक मेसेज येतो, उद्या काय आहे, यायचं की नाही, सोबत काय आणायचं. त्या एका मेसेजने याची जेवढी धडधड कमी झाली तेवढी माझ्या श्वासाच्या व्यायामांनी झाली नव्हती, खरं सांगायचं तर.

दुसऱ्या बाजूचं पण थोडं सांगायला हवं. एक ताई होत्या, त्यांना हवं होतं त्यांचं स्त्रीधन आणि मुलाच्या शाळेची फी, एवढंच. वकिलांनी घरगुती हिंसाचार, पोटगी आणि पोलीस केस असं सगळं एकदम लावलं, प्रेशर येतं, सेटलमेंट लवकर होते म्हणून. आपल्या तक्रारीत सासऱ्यांबद्दल काय लिहिलंय ते त्यांनी नंतर वाचलं आणि माझ्यासमोर रडल्या, की हे असं झालेलंच नाही हो. उलटतपासात हेच वाक्य त्यांच्यावर उलटणार, आणि खरा झालेला छळ पण त्यात वाहून जाणार. वरून वकिलांची अट, एकरकमी पोटगी मिळाली की त्यातला अमुक टक्के वाटा माझा. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार काउन्सिलच्या नियमात बंदी आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आईच्या पाटल्या गहाण टाकून फी भरली होती आणि बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो हे पण माहीत नव्हतं. सांगितलं तर म्हणाल्या फुकटचा वकील काय कामाचा. तिथले सगळे काही चांगले नसतात, मान्य, पण पैसे घेणारे तरी कुठे सगळे असतात. जिल्हा कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, १५१०० वर फोन पण करता येतो.

संदीपची केस चालू आहे. बहिणीचं नाव वगळावं म्हणून हायकोर्टात अर्ज केलाय. परस्पर संमतीच्या घटस्फोटाची बोलणी पण मधूनमधून होतात, जमलं तर सहा महिन्यांचा थांबा योग्य केसमध्ये कोर्ट माफ करू शकतं, २०१७ पासून. फक्त घरी मिटलं म्हणजे पोलीस केस आपोआप मिटली असं नसतं, ती रद्द करून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं, तेव्हा संमतीच्या अटींमध्ये ते आधीच लिहून घ्या असं वकीलबाईंनी त्याला दोनदा बजावलंय.

आणि बऱ्याच जणांनी विचारलेलं असतं की फॅमिली आणि क्रिमिनल, दोन्हीला एकच वकील ठेवू का वेगवेगळे. दोन्ही कामं रोज करणारा मिळाला तर एकच बरा, सहसा मिळत नाही. वेगवेगळे असतील तर निदान एकदा दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, तुमच्या समोर. एका कोर्टात बायको स्वतःहून निघून गेली असं लिहिलेलं आणि दुसऱ्या कोर्टात मीच तिला माहेरी सोडून आलो असं, हे मी पाहिलंय, दोन्हीखाली सही एकाच माणसाची, आणि वाचलेलं त्याने एकही नव्हतं.