हालेलुया की आलेलुया? आणि मधेच हिलाल

प्रश्न आलाय की 'हालेलुया' बरोबर की 'आलेलुया', आणि अर्थ 'जय येशू' असाच ना? नाही हो! हे 'जय येशू' ऐकून ऐकून कान किटले. शब्द हिब्रू आहे, येशूच्या कितीतरी आधीचा, बायबलच्या नव्या करारात (येशूनंतरच्या भागात) तर तो फक्त प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात येतो, तोही 4 वेळा. 'हालेलु' म्हणजे स्तुती करा, 'या' म्हणजे यहोवा या देवाच्या नावाचं आखूड रूप, झालं. ज्यू लोक, आपले बेने इस्राएल म्हणजे मराठी ज्यूसुद्धा, वल्हांडण या सणाला बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली 113 ते 118 ही स्तोत्रं म्हणतात त्यांना 'हालेल' म्हणतात तेही यातलंच.

आणि 'हालेलु' हा अनेकवचनी आज्ञार्थ आहे बरं का, 'बोला पुंडलिक वरदे'मधल्या 'बोला'सारखा. त्यामुळे पार्किंग मिळाल्यावर गाडीत एकटाच हालेलुया म्हणणारा माणूस खरं तर रिकाम्या सीटांना हुकूम सोडत असतो.

पण खरी गंमत 'ह-ल-ल' या धातूत आहे. याचाच दुसरा अर्थ चमकणे. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, 29व्या अध्यायात, देवाचा दिवा डोक्यावर 'चमकतो' तिथे हेच क्रियापद, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 14व्या अध्यायातला पहाटतारा 'हेलेल' (लॅटिनमध्ये त्याचा ल्युसिफर झाला, पुढे तेच सैतानाचं नाव, म्हणजे स्तुती आणि सैतान शेजारी-शेजारी!). अरबीत हिलाल म्हणजे चंद्रकोर, आणि चंद्र दिसणं आणि आवाज चढवणं या दोन्हीला तोच धातू. आता आपल्या बखरी-कादंबऱ्यांत रात्री पेटवतात तो हिलाल आठवा, मशाल! माझ्या मते हालेलुया आणि आपला हिलाल लांबचे चुलतभाऊ आहेत. मोठमोठे हिब्रू कोशकार 'चमकणे' आणि 'स्तुती करणे' असे दोन वेगळे धातू देतात, देऊ देत. कोशात खाने पाडणं सोपं असतं, पण कोर दिसल्यावर माणूस आधी ओरडतो की आधी उजळतो हे त्यांनी एकदा गच्चीवर जाऊन बघावं. मला तरी दोन धातू पटत नाहीत.

हां, तो ह राहिलाच. ग्रीक लिपीत 'ह'ला अक्षर नव्हतं म्हणून तिकडे 'आलेलुया' लिहिलं गेलं, लॅटिनने तेच उचललं, म्हणून कॅथलिक मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचा उतारा, वाचण्याआधी आलेलुया गातात (ईस्टरआधीच्या उपवासकाळात तेही बंद, थेट ईस्टरच्या जागरणविधीला परत). दोन्ही बरोबर. 'हल्लेलुया' मात्र लिहू नका, तिथे कोणी हल्ला केलेला नाही.