टीव्ही घेताना आधी खोली पाहा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा ३२ इंची टीव्ही आता बदलायचा आहे. दिवाणखान्याला पश्चिमेकडे मोठी खिडकी आहे आणि सोफा पडद्यापासून साधारण ८ फुटांवर येतो. सासूबाई दिवसभर बातम्या आणि मालिका पाहतात, मुलाला क्रिकेट हवे असते, आणि आम्ही दोघे रात्री जेवणानंतर एखादा चित्रपट लावतो. दुकानात एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी आणि ओएलईडी अशी चार नावे ऐकली. प्रत्येक विक्रेत्याच्या मते सर्वोत्तम टीव्ही वेगळाच होता. सत्तर हजारांच्या आसपास काय घ्यावे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण ऐकलेल्या चार नावांपैकी तीन नावे एकाच जातीच्या टीव्हीची आहेत, हे लक्षात घेतले की निम्मा गोंधळ मिटतो. एलईडी, क्यूएलईडी आणि मिनी एलईडी हे तिन्ही मुळात एलसीडीच आहेत. त्यांच्या पडद्यातला द्रवस्फटिकांचा थर स्वतः प्रकाश देत नाही. मागच्या दिव्यांचा प्रकाश कुठे अडवायचा आणि कुठे सोडायचा, एवढेच काम तो करतो. पूर्वी हे दिवे ट्यूबलाइटच्या जातीचे असत, पुढे त्यांच्या जागी एलईडी आले आणि जाहिरातीत दिव्याचे नाव टीव्हीलाच चिकटले. क्यूएलईडीमध्ये निळ्या दिव्यांपुढे क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा पापुद्रा असतो. हे कण निळ्या प्रकाशाचा काही भाग शोषून शुद्ध लाल आणि हिरवा प्रकाश देतात, त्यामुळे रंग भरदार दिसतात. (निळ्या एलईडीला २०१४चे भौतिकशास्त्राचे आणि क्वांटम डॉटला २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा या नावामागे निव्वळ जाहिरात आहे असे मात्र नाही.) मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे आकाराने फार लहान आणि संख्येने पुष्कळ असतात, आणि त्यांचे अनेक गट चित्राप्रमाणे वेगवेगळे मंद किंवा प्रखर होतात. ओएलईडीची जात मात्र निराळी आहे. त्यात मागे दिवा नसतोच. पडद्यावरचा प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून त्यावरचा काळा रंग खरोखरच काळा असतो.

असे असूनही आपल्या घरासाठी मी ओएलईडी सुचवणार नाही, आणि त्याचे मुख्य कारण सासूबाईंच्या बातम्या हे आहे. आपल्या वृत्तवाहिन्यांवर कोपऱ्यातले बोधचिन्ह आणि खालची लाल-पिवळी पट्टी तासन्‌तास जागची हलत नाही. ओएलईडीचे बिंदू सेंद्रिय पदार्थाचे असतात आणि ते वापरानुसार झिजतात. जे सतत प्रखर राहतात ते शेजाऱ्यांपेक्षा लवकर मंदावतात. मग दोन-तीन वर्षांनी रात्रीच्या चित्रपटातही त्या पट्टीची पुसट सावली दिसू लागण्याचा धोका राहतो. दुसरे कारण खिडकीचे. दुपारी तीननंतर पश्चिमेचे ऊन खोलीत शिरले की गडद काळ्याचे कौतुक उरत नाही. तेव्हा उपयोगी पडतो तो पडद्याचा प्रखरपणा, आणि त्या बाबतीत चांगला मिनी एलईडी त्याच किमतीत पुष्कळ पुढे असतो.

म्हणून आपण ५५ इंची, म्हणजे खोक्यावर १३९ किंवा १४० सेंटिमीटर असे लिहिलेला, मिनी एलईडी पाहावा. आपल्या रकमेत तो बसू शकतो. तो न जमल्यास, ज्याचे दिवे पडद्यामागे सर्वत्र पसरलेले आहेत आणि गटागटाने मंद होतात असा साधा क्यूएलईडी चालेल. विक्रेत्याला नेमके हेच विचारावे : दिवे कडेला आहेत की मागे, आणि त्यांचे गट किती? कडेला दिवे असलेल्या स्वस्त टीव्हीत रात्रीच्या दृश्यातले आकाश राखाडी दिसते आणि कोपरे उजळलेले राहतात, मग नावात क्यू असो वा नसो. डब्यावरच्या ‘एचडीआर’ (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारे चित्र) या शिक्क्यानेही हुरळून जाऊ नये. पडद्याची प्रखरता ३०० निट (निट हे प्रखरतेचे माप) असली तरी तो शिक्का मारता येतो, कारण टीव्हीला अशा चित्राचा संकेत वाचता येतो एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. परिणाम डोळ्यांना जाणवायला ६०० निट आणि त्यापुढची प्रखरता लागते.

एक गोष्ट आपल्या पत्रात नाही, ती म्हणजे सासूबाई बसतात कुठे. एलसीडी पॅनेलचे दोन मुख्य प्रकार आहेत. व्हीए पॅनेलमध्ये उजेड-अंधाराचे गुणोत्तर ३०००:१ किंवा त्याहून अधिक असते, पण बाजूने पाहिले की रंग फिके पडतात; आयपीएस पॅनेल बाजूनेही नीट दिसते, पण त्याचे गुणोत्तर १०००:१च्या आसपास राहते, म्हणून अंधाऱ्या खोलीत ते धुरकट वाटते. सगळे समोरच्या सोफ्यावर बसत असतील तर व्हीए घ्यावे. सासूबाईंची आरामखुर्ची भिंतीच्या कडेला असेल, तर दिवसभर टीव्ही पाहणाऱ्या माणसाचा विचार आधी करून आयपीएस घेण्यात काही चूक नाही.

आठ फुटांसाठी ५५ इंच हा आकार योग्य आहे, कारण तेवढ्या अंतरावरून पडदा नजरेचा सुमारे ३० अंशांचा पट्टा व्यापतो आणि चित्रपटासाठी तो पुरेसा असतो. मात्र सामान्य दृष्टीच्या माणसाला ५५ इंची पडद्यावरचे फुल एचडीचे बिंदूच सुमारे ७ फुटांपलीकडे वेगळे दिसत नाहीत. म्हणजे आठ फुटांवर फोर-केचाही पुरता लाभ मिळत नाही, आणि एट-केवर खर्च करणे तर निरर्थक आहे. त्याउलट साध्या वाहिनीचे चित्र अवघ्या ५७६ ओळींचे असते आणि ते फोर-केच्या २१६० ओळींवर ताणले की मालिकेतली माणसे मेणाची दिसू लागतात. सासूबाईंसाठी सेट-टॉप बॉक्सचा एचडी पॅक घेतला तर त्यांना जेवढा फरक जाणवेल तेवढा पॅनेलच्या नावाने जाणवणार नाही. दुकानातही समुद्र, पोपट आणि कापलेली कलिंगडे दाखवणारी चित्रफीत बंद करून साधी वाहिनी लावायला सांगावी. टीव्हीची खरी परीक्षा तिथेच होते. किमतींची तुलना करताना जुने आकडे धरू नयेत, कारण २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे.

घरी आणल्यावर ‘व्हिव्हिड’ मोड बदलून सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावावा. पहिले दोन दिवस चित्र पिवळसर वाटेल, मग डोळे सरावतात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय क्रिकेटला ठेवली तरी चालेल, चित्रपटाला मात्र बंद करावी. सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रपटात ती मधल्या चौकटी स्वतः रचून घालते आणि चित्रपटाची मालिका करून टाकते. आणखी एक, आपण कोकणातल्या आहात म्हणून. वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की नुसती पिन काढून भागत नाही, सेट-टॉप बॉक्सला येणारी डिशची केबलही काढावी. माझा एक टीव्ही त्या केबलवाटेच गेला.

प्रश्न : आम्ही टीव्ही फक्त रात्री, पडदे ओढून, चित्रपटांसाठी पाहतो. घरात केबल नाही. ओएलईडी घ्यायची इच्छा आहे, पण पडद्यावर डाग पडतात असे ऐकून मन कचरते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण खुशाल ओएलईडी घ्या, तो जणू आपल्यासारख्यांसाठीच केलेला आहे. पहिला ओएलईडी टीव्ही सोनीने २००७मध्ये आणला तो अवघा ११ इंची होता. आज ५५ आणि ६५ इंची पडदे सर्रास मिळतात, फक्त किंमत सहसा लाखाच्या पुढे जाते, म्हणून मागच्या वर्षीचे मॉडेल सवलतीत मिळते का ते पाहावे. त्यातही दोन प्रकार आहेत. एकात पांढऱ्या प्रकाशापुढे रंगांच्या गाळण्या असतात. दुसऱ्यात निळ्या ओएलईडीचा प्रकाश क्वांटम डॉटमधून जातो, आणि हा प्रकार २०२२पासून बाजारात आहे. दुसऱ्याचे प्रखर रंग अधिक गहिरे असतात, मात्र खोलीत उजेड असेल तर त्याचा काळा रंग किंचित जांभळट-करडा दिसतो. आपल्या अंधाऱ्या खोलीत तो प्रश्न येत नाही.

डागांची भीती चित्रपट पाहणाऱ्याला फारशी नसते, कारण चित्र सतत बदलत असते. एका सवयीबद्दल मात्र सावध करतो. आपल्याकडे झोपण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करण्याची शिस्त घरोघरी असते, आणि इतर उपकरणांसाठी ती चांगलीच आहे. पण ओएलईडी टीव्ही रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये असतानाच बिंदूंची झीज मोजून ती भरून काढण्याचे काम करतो. बटण लगेच बंद केले तर हे काम दररोज अर्धवट राहते, आणि ज्या डागांची आपल्याला धास्ती आहे त्यांना आपणच वाट करून देतो. भिंतीवरचे बटण चालूच ठेवावे, वाटल्यास सकाळी बंद करावे.

प्रश्न : सात वर्षांच्या एलईडी टीव्हीचा आवाज येतो, चित्र दिसत नाही. दुकानदार म्हणतो, नवाच घ्या.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : घाई करू नका. रात्री खोलीतले दिवे मालवून टीव्ही लावा आणि पडद्यावर अगदी जवळून, तिरपा टॉर्च मारा. अंधूक चित्र हलताना दिसले तर द्रवस्फटिकाचा थर शाबूत आहे आणि फक्त मागचे दिवे, किंवा त्यांना वीज पुरवणारा भाग, गेला आहे. दिव्यांच्या पट्ट्या बदलून मिळतात आणि हे काम गावातला टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर नव्या टीव्हीच्या किमतीच्या लहानशा भागात करून देतो. टॉर्च मारूनही काहीच दिसले नाही, तर पॅनेलकडे वळण्याआधी त्याला सर्किट तपासायला सांगा. दोष पॅनेलचाच निघाला तर मात्र दुकानदाराचे ऐका, कारण नुसते पॅनेल जवळजवळ नव्या टीव्हीच्या भावात पडते. दुरुस्तीनंतर बॅकलाइटची, म्हणजे मागच्या दिव्यांची, पातळी शंभरावर न ठेवता साठ-सत्तरावर ठेवा, म्हणजे नव्या पट्ट्या अधिक टिकतील.